आधुनिक जर्मन चित्रकारांवर प्राचीन भारतीय कलेचा प्रभाव पडला होता का?

हो, आणि त्याचा धागा थेट अजिंठ्यापर्यंत जातो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. १८९६-९७ मध्ये त्या प्रतिकृतींचे दोन खंड छापले गेले. ते ड्रेस्डेनमध्ये ‘डी ब्रुके’ या जर्मन चित्रकारांच्या गटातल्या एर्न्स्ट लुडविग किर्शनरच्या हाती पडले. तो भारतात कधीच आला नाही, पण त्यातल्या आकृती त्याने कागदावर उतरवल्या. सपाट रंगातूनही शरीराची घनता कशी जाणवते, हे त्याला तिथे सापडलं. त्याचं १९११ चं ‘तळ्याकाठी न्हाणाऱ्या पाच स्त्रिया’ हे चित्र पाहा: भरदार बांधा, अंगाचा बाक अजिंठ्याचाच वाटतो. प्रतिकृती करणाऱ्या त्या विद्यार्थ्यांचं श्रेय मात्र फारसं कुणी देत नाही, ते द्यायलाच हवं.