एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, 5 वर्षांचा करार म्हणजे 5 वर्षांचे पैसे पक्के का? मग संघ खेळाडूला मध्येच सोडतो कसा?

बहुतेक वेळा पैसे पक्केच असतात. पण बातमीतल्या एकूण आकड्यावरून फारसं कळत नाही. मी करार नेहमी शेवटच्या वर्षापासून वाचतो, कारण खरी मेख तिथेच असते.

शेवटचं वर्ष ‘प्लेअर ऑप्शन’ असेल तर राहायचं की बाहेर पडायचं, हे खेळाडू ठरवतो; ‘टीम ऑप्शन’ असेल तर संघ. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या नवोदिताची 2 वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. काही करारांत शेवटच्या वर्षाची हमी अर्धवटच असते: ठरलेल्या तारखेआधी सोडलं तर थोडक्यात भागतं.

लांबीलाही मर्यादा आहे. 1981 मध्ये लेकर्स संघाने मॅजिक जॉन्सनशी चक्क 25 वर्षांचा करार केला होता! आता आपल्या जुन्या खेळाडूला जास्तीत जास्त 5 वर्षं देता येतात, बाहेरच्या संघाला 4. वाढही वेगळी, 8 टक्के आणि 5 टक्के, आणि ती दर वर्षी पहिल्या वर्षाच्या पगारावरच मोजतात, चक्रवाढ नाही. म्हणजे 3 कोटी डॉलरपासून सुरुवात झाली तर आपल्या संघाकडे 5 वर्षांत 17.4 कोटी, बाहेर 4 वर्षांत 12.9 कोटी. पहिल्या वर्षाचा पगार अनुभवानुसार सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चाची लीगने ठरवलेली मर्यादा) 25, 30 किंवा 35 टक्क्यांवर अडतो. केव्हिन गार्नेटला 1997 मध्ये 6 वर्षांचे 12.6 कोटी मिळाले, मालक हादरले, टाळेबंदी झाली आणि त्यानंतर ही कमाल मर्यादा आली.

लांब करार नेहमीच फायद्याचा असतो असंही नाही. 2014 मध्ये क्लीव्हलँडला परतलेल्या लेब्रॉन जेम्सने मुद्दाम 2 वर्षांचाच करार केला, तोही दुसऱ्या वर्षी ऑप्शन ठेवून. टीव्हीचा नवा पैसा येणार आणि त्यामुळे कॅप वाढणार हे दिसत होतं. 2016 मध्ये कॅप 7 कोटींवरून 9.4 कोटींवर गेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ट्रेडमध्ये, म्हणजे संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल केली तर, खेळाडूबरोबर करारही जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो, त्यामुळे पगार बुडत नाही. काहींच्या करारात ट्रेड झाल्यास 15 टक्क्यांपर्यंत वाढीचं कलम असतं. ट्रेडला नकार देण्याचा हक्क मात्र फार थोड्यांना मिळतो.

आणि संघाने सरळ सोडलंच, तर हमीचे पैसे द्यावेच लागतात. फक्त ते ताणता येतात: उरलेली वर्षं दुप्पट अधिक एक. 2025 मध्ये मिलवॉकीने जखमी डेमियन लिलार्डला सोडलं तेव्हा 2 वर्षांचे सुमारे 11.3 कोटी बाकी होते. ते 5 वर्षांवर पसरले. तो पोर्टलँडला परतला, पण मिलवॉकीच्या कॅपवर 2030 पर्यंत दर हंगामाला त्याचे सुमारे सव्वादोन कोटी दिसत राहणार.