वाचक विचारतात : गरम हवेत हॉप्स

प्रश्न : आमच्याकडे हिवाळा नावापुरताच असतो. घरच्या बिअरसाठी हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा वेल) 'कॅस्केड' हा वाण लावला. वेल छातीइतका होऊन थांबला, फुलं जेमतेम मूठभर आली. ऊन बाधलं का?

उत्तर : ऊन नाही, दिवसाची लांबी. हॉप्सची मुख्य लागवड ३५ ते ५५ अंश अक्षांशांत होते. तिथे उन्हाळ्यात दिवस १५-१६ तासांचा असतो, तोवर वेल नुसता वाढतो आणि दिवस आखडू लागले की फुलतो. विषुववृत्ताकडे दिवस एवढा मोठा होतच नाही. मग वेल पुरेशी पेरं धरायच्या आतच फुलोऱ्यावर येतो. फुलं पेरांतून फुटणाऱ्या आडफांद्यांना लागतात, त्यामुळे पेरं कमी तर पीकही कमी.

यावर खरा उपाय एकच, दिवा. दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज या शहराच्या परिसरात हॉप्सच्या शेतांत याच कारणासाठी दिवे लावत. पुढे तिथे लहान दिवसांना मानवणारी 'सदर्न प्रॉमिस'सारखी वाणं तयार झाली. घरी ८-१० वॉटचे दोन-तीन एलईडी बल्ब (उबदार पांढरे किंवा लाल) वेलाच्या पूर्ण उंचीवर प्रकाश पडेल असे टांगा. टायमर लावून उजेड एकूण १६-१७ तासांचा करा. हा प्रकाश वेलाचं पोट भरण्यासाठी नाही, रात्र लहान भासवण्यासाठी आहे, म्हणून मंद चालतो. वेल दोरीच्या टोकाला पोचला की दिवे एकदम बंद करा. मग मात्र रात्र काळोखीच हवी. अंगणातला दिवा रात्रभर वेलावर पडत राहिला तर फुलोरा लांबतो.

प्रश्न : थंडी मिळाली नाही तर हॉप्स फुलत नाहीत, असं वाचलं. रायझोम (जमिनीतली खोडं, ज्यांतून नवा वेल फुटतो) फ्रिजमध्ये ठेवावे का?

उत्तर : गरज नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधनाने २०१९ मध्ये दाखवून दिलं की थंडीची झोप न मिळताही हॉप्स फुलतात आणि पीक देतात. काढणीनंतर वेल सुकू लागला की जमिनीलगत छाटा, पाणी कमी करा, एवढी विश्रांती पुरते.

प्रश्न : कुंडीत जमेल का? पानं तांबूस पडून गळतात.

उत्तर : जमेल, पण कुंडी किमान ५० लिटरची आणि उत्तम निचऱ्याची हवी. मातीचा सामू (pH) ६ ते ७ ठेवा. रायझोम आडवा, कोंब वर करून ५ सेंमी खोल लावा. काथ्याची ४-५ मीटर दोरी बांधा, प्रत्येक दोरीवर दोन-तीनच जोमदार वेल ठेवा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा; उलटे गुंडाळलेले वेल सुटून खाली येतात. सकाळचं ऊन हवं, दुपारचं कुंडीवर पडू देऊ नका, कारण तापलेली मुळं पाणी ओढत नाहीत. वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला.

पानं तांबूस होण्यामागे बहुधा लाल कोळी आहे. कोरड्या, तापलेल्या हवेत ही कीड झपाट्याने वाढते. भिंगाने पानाची खालची बाजू पाहा, बारीक जाळी दिसेल. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा खालून मारा. किडीसाठी गंधक फवारलंत तर कडक उन्हात नको, पानं करपतात. वेल उंच झाला की खालची ६०-९० सेंमी पानं काढून टाका. हवा खेळती राहते आणि पावसाळी दिवसांत केवडा (पानांवरचा बुरशीसारखा रोग) कमी लागतो.

प्रश्न : फुलं कधी तोडायची? बिअरमध्ये किती घालायची?

उत्तर : फूल दाबल्यावर कागदासारखं सळसळलं, सोडताच पुन्हा फुललं आणि आतली ल्युप्युलिनची (फुलातल्या चिकट, सुवासिक राळेची) पूड गडद पिवळी दिसली की तोडा. ताज्या फुलांत ७५-८० टक्के पाणी असतं. सावलीत जाळीवर पंख्याखाली वाळवा, ड्रायर वापरलात तर ५० अंशांच्या आत. मधला देठ वाकायच्या ऐवजी तुटला पाहिजे, तो ओला राहिला तर पिशवीत बुरशी धरते. १०० ग्रॅमचे साधारण २२-२५ ग्रॅम उरतात. हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. जुन्या चीजसारखा वास आला तर त्यांचं ऑक्सिडेशन झालं आहे, वापरू नका.

घरच्या फुलांतलं अल्फा आम्लाचं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या घटकाचं) प्रमाण आपल्याला माहीत नसतं, म्हणून कडवटपणासाठी आकडा छापलेली विकतची हॉप्सच घ्या. घरची फुलं उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांत घाला : २० लिटरला ५० ग्रॅम सुकी, ताजी असतील तर वजन पाचपट. गाळून उरलेला चोथा झाकून टाका. कुत्र्याने तो खाल्ला तर त्याचं अंग इतकं तापतं की जीव जाऊ शकतो, तेव्हा लगेच पशुवैद्याकडे न्या.