आधी क्रियापद, मग कादंबरी

प्रश्न : मी सावंतवाडीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोर्तुगीज लेखक मारियो दि सा-कार्नेइरो यांच्या ‘लूसियोची कबुली’ या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद वाचला आणि झपाटून गेले. पण त्यातली मार्ता, म्हणजे लूसियोचा मित्र रिकार्दू याची बायको, खरंच होती की नव्हती, हे दोनदा वाचूनही कळलं नाही. मला पोर्तुगीज साहित्यात एम.ए. करायचंय, भाषेचा मात्र गंध नाही. बाबा म्हणतात, बी.एड. कर.

उत्तर : मार्ताचं कोडं सुटलं नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस. १९१४च्या त्या कादंबरीत रिकार्दू गोळी झाडतो मार्तावर आणि मरून पडतो तो स्वतः. मार्ता नाहीशी होते, पिस्तूल लूसियोच्या पायाशी. आणि हे सगळं सांगतोय कोण, तर त्याच खुनासाठी दहा वर्षं तुरुंगात काढलेला लूसियो. दुसरा साक्षीदारच नाही. लेखकानं गाठ मारून ठेवली आहे, सोडवलेली नाही.

पण तू वाचलास तो अनुवाद. पोर्तुगीजमध्ये ‘एरा’ म्हणजे ‘मी होतो’, ‘मी होते’, ‘तो होता’, ‘ती होती’, यांतलं काहीही. सर्वनाम गाळलं तरी चालतं. संदर्भानं बहुतेकदा उलगडतं, पण लेखकाला हवं तर झाकूनही ठेवता येतं. मराठी अनुवादकाला ती सोय नाही. पहिल्याच क्रियापदाला ‘होता’ की ‘होती’ ते ठरवावं लागतं. वेगवेगळ्या कल्पित कवींच्या नावांनी लिहिणाऱ्या पोर्तुगीज कवी फेर्नांदु पेसोआचं आडनावच बघ. त्याचा अर्थ ‘व्यक्ती’, आणि हा शब्द आपल्यासारखाच तिथेही स्त्रीलिंगी, मग माणूस पुरुष का असेना! तुला ज्याची ओढ लागली आहे ते अशा जागी आहे. म्हणून आधी भाषा.

पणजी तुला जवळ. तिथे पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचं भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं एम.ए. आहे. प्रवेशाला भाषेची कोणती पातळी लागते ते विद्यापीठात जाऊन आजच विचार, तिसरं वर्ष संपायची वाट बघू नकोस. बी-टू पातळी, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या सहा पायऱ्यांपैकी चौथी, गाठायला नेटानं दोनेक वर्षं धर.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. निव्वळ साहित्य शिकवण्याच्या जागा फार थोड्या. काम आहे ते कागदपत्रांत: गोव्यातले जुने जमिनीचे दस्त, जन्मनोंदी, अभिलेखागारातली दफ्तरं. शिवाय ब्राझीलशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या आहेत. तिथली बोली वेगळी, तिचाही कान तयार कर. पेसोआ स्वतः लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांची इंग्रजी-फ्रेंच पत्रं लिहून पोट भरत होता. बाबांना हे सांग. त्यांची काळजी रास्त आहे, आणि बी.एड. दोन वर्षांनीही करता येतं.

वर्षभरानं मूळ पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढ, शब्दकोश घेऊन बस. एका परिच्छेदाचं मराठी कर आणि कुठल्या क्रियापदाशी अडलीस ते मला कळव.