शोकसभेआधी एवढं कर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण वाचलं. रविवारच्या शोकसभेत तुलाच बोलायला सांगितलं हे बरं झालं. आप्पांच्या मागे मागे रानात सगळ्यात जास्त तूच हिंडलीस. पण त्या दोन पानांत आप्पा मला कुठे भेटलेच नाहीत. बळीराजा, काळ्या आईचा सुपुत्र, अजातशत्रू, कधीही भरून न निघणारी पोकळी... हे सगळं चौकातल्या फ्लेक्सवर आधीच छापून आलंय. आणि अजातशत्रू तर ते मुळीच नव्हते. बांध कोरणाऱ्याशी वर्ष वर्ष बोलायचे नाहीत. पाण्याच्या पाळीवरून भर पारावर आवाज चढवायचे. तरी गाव त्यांच्यावर जीव टाकायचं, ते का, एवढंच तुला सांगायचं आहे. तू डोळ्यांनी जे पाहिलंस ते सांग, विशेषणं सरपंचांसाठी ठेव.

उदाहरण देतो. ज्वारीत दाणे भरायला लागले की आप्पा जुन्या धोतराच्या चिंध्या खिशात कोंबून रानात शिरायचे. एखादं ताट आवडलं की हाताने हलवून बघायचे, बुडाशी वाकून खोड दाबायचे, मग कणसाच्या खाली चिंधी बांधून पुढे. अख्ख्या रानातून निवडलेली कणसं एका पोत्याच्या वर जायची नाहीत. कृषी सहायक म्हणून मी गावोगाव ज्या गोष्टीची प्रात्यक्षिकं द्यायचो, ती हा माणूस कुणी न सांगता करत होता. बियाणं उभ्या पिकात निवडावं, खळ्यावरच्या ढिगातून नाही. ढिगात नुसतं कणीस दिसतं. ते ताट लोळलं होतं का, ओल तुटल्यावर खडखड्या रोगाने बुडात पोकळ झालं होतं का, कडबा किती उंच होता, यातलं काही तिथे कळत नाही. संकरित वाणाचं असं घरचं बी धरता येत नाही, पण मालदांडीसारख्या सरळ वाणाचं धरता येतं. मालदांडी 35-1 हा वाणच मुळात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला गावरान ज्वारीतून निवडून काढलेला. आप्पांनी तीच निवड आपल्या हलक्या रानाला जुळेल अशी पुढे चालू ठेवली. तुमच्याकडे पाऊस दगा देतो त्या वर्षीही त्यांच्या रानात कडब्याची गंजी उभी राहायची, त्यामागे ही निवड होती. नशीबवान माणूस म्हणून लोक मोकळे व्हायचे.

हे भाषणात येईलच, पण मला दुसरी काळजी आहे. ज्वारी आत्ता हुरड्यात आहे आणि आप्पांनी या वर्षी बांधलेल्या चिंध्या अजून ताटांवर आहेत. महिन्या-दीड महिन्यात काढणीला माणसं लागतील. त्यांना कोणी सांगितलं नाही तर ती कणसं बाकीच्यांबरोबर खुडली जातील आणि मळणी यंत्रात सगळं एक होईल. म्हणून काढणीच्या आदल्या दिवशी तू स्वतः रानात जा आणि चिंधीची कणसं आधी खुडून घे. वेगळी वाळव, हाताने बडव, आणि त्यांच्या घरी ठेवतात तसं कडुनिंबाचा पाला आणि राख घालून कणगीत ठेव. वर चिठ्ठी टाक: कुणाचं बी, कुठलं रान, कुठलं साल.

चिठ्ठीचा आग्रह उगाच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास पटेल-3 धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, त्या जपत, वाढवत नेल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. नाव पडलं ते त्या काळच्या घड्याळावरून. दादाजी 2018 साली गेले. तो तांदूळ आजही दुकानादुकानात मिळतो, खाणाऱ्यांतल्या कितीजणांना दादाजी माहीत आहेत? बी हातोहात लांब जातं. नाव मात्र कोणी लिहिल्याशिवाय त्याच्याबरोबर जात नाही.

आप्पांचं अजून एक, ते वही ठेवत नसत. सगळा हिशेब डोक्यात आणि थोडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पेरणी कधी, उगवण कधी, पाणी कधी दिलं, गाय कधी फळवली, फवारणीचा पंप कोण घेऊन गेलंय, सावडीला, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या कामाला, कुणाच्या रानात किती माणसं पाठवली होती. अंथरुणाला खिळून गेलेला माणूस जाता जाता दहा गोष्टी सांगून जातो. आप्पांना तेवढी उसंतच मिळाली नाही. तेराव्याच्या आधी घर आवरायला बायका जमतील आणि जुनी कॅलेंडरं पहिल्यांदा चुलीत जातील. ती आजच मागून घे. मोबाईलवर पानागणिक फोटो काढ, मागची बाजूसुद्धा. येणं-देणं लिहिलेलं सापडेल त्याची वाच्यता गावात करू नको, ते फक्त वहिनींना दाखव. ज्यांना द्यायचंय ते आपणहून येतील. जे येणार नाहीत ते तुला तसेही कळतील.

आता घरच्या कागदांचं. तू लिहितेस की दोन लाखांची सरकारी मदत मिळवून देतो म्हणून कोणीतरी वहिनींकडून आधार कार्ड आणि पासबुकाच्या झेरॉक्स नेल्या आहेत. त्या आधी परत आण. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख हे अपघाती मृत्यूला आहेत: साप चावला, वीज पडली, विजेचा धक्का बसला, विहिरीत पडला, रस्त्यावर अपघात झाला. त्यालाही पोलिसांचे कागद लागतात आणि तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज जावा लागतो. हृदयविकार त्यात बसत नाही. आप्पा रानात वारले म्हणून तो अपघात ठरत नाही. वाईट वाटेल, पण वहिनींना हे तूच सांग. महिनाभर आशेवर ठेवून मग नाही म्हणण्यापेक्षा ते बरं.

खरं काम आहे ते वारस नोंदीचं. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत झाली पाहिजे, दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. मग तलाठ्याकडे वारसांचा अर्ज. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण काम तेच. जमीन महसूल संहितेप्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. आपल्याकडे 'बघू सवडीने' म्हणत लोक वीस वीस वर्षं काढतात. मेलेल्या माणसाचंच नाव सातबाऱ्यावर राहतं, कर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई अडकते. महसूल खात्याला 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली ती यामुळेच.

अर्जात वहिनींचं नाव आणि दोन्ही लेकींची नावं येतात की नाही हे बघ. यावरून घरात कुजबुज सुरू झाली असणार. जुन्या काळी थोरल्या मुलाचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लावायचे आणि बाकीच्यांची नावं कायमची गळायची. पुढची निम्मी भांडणं त्यातून निघाली. विधवेचा हक्क 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे, लेकींना मुलांइतकाच वाटा 2005 च्या दुरुस्तीने स्पष्ट झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी हयातीतच बायकोच्या नावावर रान केलं होतं. आप्पांच्या हातून ते राहिलं. म्हणून निदान आता हक्कसोडपत्रावर घाईने सह्या होऊ देऊ नको. रडून डोळे सुजलेले असताना लेकींपुढे कागद सरकवायची आपल्याकडे रीतच आहे, आणि मला ती कधी पटली नाही. तू घरची नाहीस, म्हणून जपून बोल. पण वहिनी तुझं ऐकतात, आणि रानातलं निम्मं काम त्यांनीच केलंय हे तू पाहिलं आहेस. तेही भाषणात घाल.

पीएम किसानचा हप्ता आप्पांच्या खात्यात आला तर कोणी काढू नये, तो परत मागतात. सोसायटीच्या खरीप कर्जाचं 31 मार्चच्या आधी सचिवांशी बोलून घ्या, नाहीतर व्याजाची सवलत हातची जाते.

स्मारकाचं विचारलं आहेस. फाट्यावर कमान नको, तिच्यावर पुढे कुणाकुणाचे फोटो लागतील ते तूही जाणतेस. वर्गणी जमलीच असेल तर या वर्षी त्यांच्या रानाची काढणी आणि मळणी गावाने सावडीने करावी आणि पैसे वहिनींच्या हातात द्यावेत. हे मात्र तू मांडू नको, चेअरमनना मांडू दे. तू मांडलंस तर पोरीने सुचवलं म्हणून चार जण मान हलवतील आणि उठून जातील.

भाषण पाच मिनिटांच्या वर नेऊ नको. मी शनिवारी दुपारच्या एसटीने येतो. तोवर आप्पांच्या नावाचा आठ-अ, म्हणजे नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, काढून ठेव, म्हणजे किती गट आहेत ते कळेल. ओढ्याकाठचा तुकडा बहुतेक अजून त्यांच्या वडिलांच्याच नावावर असेल. तसं असलं तर आजोबांचा मृत्यूचा दाखलाही शोधायला लागेल, जुन्या ट्रंकेत बघायला सांग.

तुझा,
काका