शेवग्यावरचा तो पिटुकला

अगं, तुझ्या शेवग्यावरच्या पक्ष्याचा फोटो पाहिला. तो शिंपी पक्षी नव्हे. शिंप्याची शेपटी बघ कशी ताठ उभी असते, चोचही लांब. तुझा हा वटवट्या, किडे टिपणारा चिमुकला पक्षी, थंडीचा पाहुणा. कोणता, ते ठरवायची घाई नको. मी पहिल्या वर्षी वहीत तीन नावं लिहिली आणि तिन्ही खोडली.

दुमडलेला पंख बघ. एकच बारीक फिकट पट्टी असेल तर बहुधा हिरवट वटवट्या, दोन असतील, खालची ठळक आणि वरची पुसट, तर ह्यूमचा वटवट्या. पट्टीच नाही, पाय काळे आणि शेपटी सारखी खाली हलवतोय, तर चिफचॅफ, तोही एक वटवट्याच. पण हिरवटाची पट्टी पिसं झिजली की पुसट होते, कधी दिसतही नाही. मग चोच बघायची. हिरवटाची खालची चोच फिकट असते, चिफचॅफची काळी.

रंगावर मात्र जाऊ नकोस. सकाळच्या पिवळ्या उन्हात, पानाआड सगळेच हिरवे दिसतात.

खरी ओळख आवाजात. हिरवट ‘चि-स्वीऽ’ असं दोन तुकड्यांत बोलतो, चिफचॅफ एकच रडवेला ‘पीऽ’ काढतो. फोन खिडकीत ठेवून रेकॉर्ड कर, इंदूरच्या हॉर्नचा गोंगाट सुरू व्हायच्या आत.

आणि शेवग्यावर मावा कीड दिसली तरी औषध मारू नकोस. तीच खायला तर येतो हा वटवट्या! रविवारी सिरपूर तलावावर येतेस का? तिथल्या बाभळींवर कान तयार होतील.