जुन्या ब्रिटिश चित्रपट्ट्या वाचू लागताना

तुम्ही आरंभ 'रूपर्ट बेअर' या अस्वलाच्या चित्रपट्टीपासून (कॉमिक स्ट्रिप) करावा, असे मला मनापासून वाटते. मेरी टूर्टेल यांनी १९२० साली 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्रात सुरू केलेली ही मालिका १९३५ पासून आल्फ्रेड बेस्टॉल यांनी हाती घेतली, आणि त्यांनी रंगवलेल्या टेकड्या व आकाश यांवर आजही माझी नजर खिळून राहते. त्यांच्या वार्षिक अंकांत चित्राखाली यमकबद्ध ओळी असतात. प्रथम चित्र निरखावे, मग त्या मोठ्याने वाचाव्यात. त्यानंतर १९६३ साली 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या वृत्तपत्रात सुरू झालेली 'मॉडेस्टी ब्लेझ' ही साहसमालिका घ्यावी. जिम होल्डवे यांचे काळ्या-पांढऱ्यातील रेखाटन अप्रतिम आहे. अशा साहसकथा रोज मोजक्याच चौकटींत छापल्या जात असल्याने एका बैठकीत संपूर्ण कथानक संपवण्याची घाई मात्र करू नये.