शून्य जुळले, तरी माप चुकते का?

प्रश्न : आमचा मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून जाडी मोजण्याचे उपकरण) पूर्ण मिटवल्यावर बरोबर शून्य दाखवतो, मग तो दरवर्षी कॅलिब्रेशनला का पाठवायचा?

उत्तर : शून्य जुळले म्हणजे एका टोकाची खात्री झाली, एवढेच. स्क्रूचे आटे बहुधा नेहमीच्या वापराच्या टप्प्यात झिजतात, त्यामुळे शून्यावर निर्दोष असलेले उपकरण 12 मिलिमीटरच्या आसपास चूक दाखवू शकते. म्हणूनच प्रयोगशाळेत ज्ञात लांबीचे ठोकळे (स्लिप गेज) धरून उपकरण अनेक ठिकाणी तपासतात. (कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे, प्रमाणाशी तुलना करून फरक नोंदवणे.) तापमानाकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. लांबीची मापे 20 अंश सेल्सिअसला धरतात, आणि 100 मिलिमीटरचा पोलादी दंड 35 अंशांना सुमारे 0.017 मिलिमीटरने जास्त भरतो, म्हणजे मायक्रोमीटरवर वाचता येणाऱ्या 0.01 मिलिमीटर या लघुतम मापाहूनही अधिक. म्हणून लेथवरून नुकताच उतरवलेला जॉब (घडवलेला भाग) मोजण्याआधी थंड होऊ द्यावा.